ताप येण्याआधीचे दोन दिवस



पावसाळ्याच्या आरंभी शाळा उघडतात. वर्गात ओल्या छत्र्यांचा वास भरून राहिलेला असतो, पाणी आत येऊ नये म्हणून खिडक्या लावून घेतलेल्या असतात आणि चाळीस-पन्नास मुले खांद्याला खांदा लावून बसलेली असतात. सोमवारी मागच्या बाकावरचे एक मूल शिंकते. बुधवारी त्याच्या शेजारची दोघे येत नाहीत. शुक्रवारी हजेरी घेताना दहा-बारा नावांपुढे ‘हजर’ असा आवाज उमटत नाही. बेळगावातील मराठी शाळांतून शिकविताना हे दृश्य मी वीस पावसाळे तरी पाहिले आहे. साध्या सर्दीपडशाच्या बाबतीत आपण त्याकडे हसून पाहतो. परंतु ज्याची कोणाच्याही शरीराला पूर्वओळख नाही असा एखादा नवा विषाणू याच रीतीने बाकावरून बाकावर, घरातून घरात जाऊ लागला, तर तो प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा राहत नाही. अशा साथीच्या अगदी आरंभी, औषध नाही आणि लसही नाही अशा दिवसांत, सामान्य माणसाने स्वतःला आणि आपल्या माणसांना कसे सांभाळावे, याविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

प्रथम एक प्रश्न विचारते. श्वासावाटे पसरणाऱ्या रोगात रोगी इतरांना सर्वांत अधिक धोकादायक केव्हा असतो? बहुतेक जण सांगतील, ताप भरून तो अंथरुणाला खिळतो तेव्हा. हे उत्तर अपुरे आहे. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही दिवस जातात. इन्फ्लुएन्झात हा काळ एक ते चार दिवसांचा असतो. २०२० साली कोविडचा जो पहिला विषाणू आला, त्यात तो सरासरी पाच दिवसांचा होता आणि क्वचित चौदा दिवसांपर्यंत जाई. या काळाच्या अखेरीस माणसाला आपण ठणठणीत आहोत असे वाटत असते. मात्र त्याच्या नाकाघशात विषाणूंची वाढ जोरात चाललेली असते. इन्फ्लुएन्झाचा रोगी ताप येण्याच्या सुमारे एक दिवस आधी, तर कोविडचा रोगी सुमारे दोन दिवस आधीपासून इतरांना रोग देऊ शकतो. ज्या माणसाला पाहून आपण दूर सरावे असा तो अजून दिसत नाही, आणि तो स्वतःही दूर राहत नाही. बाजारात जातो, लग्नाला जातो, आजीच्या शेजारी बसून जेवतो. साथ वाढते ती या दोन दिवसांवर.

त्यात गणिताचाही भाग आहे. एकाने दोघांना रोग दिला, त्या दोघांनी चौघांना दिला, तर दहाव्या टप्प्याला ही संख्या एक हजार चोवीस होते. पहिल्या चार-पाच टप्प्यांत गावाला काही जाणवतही नाही. ‘आपल्याकडे कुठे आहे?’ असे आपण म्हणत असतो, आणि जे करणे सोपे असते ते करण्याचा काळ नेमका तोच असतो.

आपल्या मुलखाने हा धडा फार मोठी किंमत देऊन एकदा घेतलेला आहे. १९१८ साली बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता. त्या वर्षीच्या जूनमध्ये मुंबईत काही पोलीस शिपाई तापाने आजारी पडले; त्यांतील एक जण गोदीवर नेमलेला होता. महायुद्धावरून परतणाऱ्या जहाजांबरोबर इन्फ्लुएन्झा आला होता. पहिली लाट सौम्य होती, म्हणून लोक निर्धास्त राहिले. सप्टेंबरात तोच रोग भयंकर रूप घेऊन उलटला आणि आगगाडीच्या रुळांनी इलाखाभर पसरला. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी एकट्या मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्या वर्षी पाऊसही फसला होता. उपाशी शरीरांवर रोगाने घाला घातला. मुंबई इलाख्यात सुमारे दहा लाख आणि साऱ्या हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली. भारताच्या जनगणनेच्या इतिहासात लोकसंख्या घटल्याचे दशक एकच आहे, १९११ ते १९२१. आपल्या जुन्या माणसांनी या साथीला ‘मानमोडी’ असे नाव दिले होते. तो शब्द आता विस्मृतीत चालला आहे. त्यातील अनुभव मात्र विसरण्याजोगा नाही.

त्याच काळात अमेरिकेतील दोन शहरांची वागणूक कशी निरनिराळी होती, ते पाहा. फिलाडेल्फिया शहरात रोग शिरल्याचे ठाऊक असूनही २८ सप्टेंबर १९१८ रोजी युद्धकर्जासाठी प्रचंड मिरवणूक काढण्यात आली. लक्षावधी लोक रस्त्यांवर दाटीने उभे होते. थोड्याच दिवसांत तेथील रुग्णालयांत जागा उरली नाही. सेंट लुईस शहरात पहिले रोगी आढळताच दोन-तीन दिवसांत शाळा, नाटकगृहे, प्रार्थनामंदिरे बंद करण्यात आली. तेथेही माणसे दगावली, पण फिलाडेल्फियाच्या मानाने प्रमाण बरेच कमी राहिले. दोन्ही शहरांत औषध सारखेच होते, म्हणजे नव्हतेच. अंतर पडले ते काही दिवसांच्या लगबगीने.

शंभर वर्षांनी आपली पाळी आली. ३० जानेवारी २०२० रोजी केरळात देशातील पहिला कोविडचा रोगी आढळला. मार्चमध्ये आपल्याच राज्यातील कलबुर्गी येथे देशातील पहिला मृत्यू नोंदला गेला. लसीकरणाला प्रारंभ झाला १६ जानेवारी २०२१ रोजी. म्हणजे जवळजवळ एक वर्ष आपल्या हाती स्वतःच्या वागणुकीखेरीज दुसरे साधन नव्हते. त्या वर्षी सौंदत्तीच्या यल्लम्माचे मंदिर कित्येक महिने बंद राहिले, ईदची नमाज लोकांनी घरी पढली, आणि आम्ही ख्रिस्ती कुटुंबांनी गुड फ्रायडे व ईस्टर चर्चच्या बंद दारांबाहेर, आपापल्या घरी पाळले. देव भक्तांवर रुसला होता असे कोणालाच वाटले नाही. शेजाऱ्याचा जीव राखणे हीही पूजाच आहे, एवढे सर्वांना उमगले होते.

२५ जून २०२० पासून कर्नाटकात दहावीची परीक्षा झाली. दारात प्रत्येक मुलाच्या कपाळासमोर तापमापक धरला जाई, मुखपट्टी असे, बाकांमध्ये अंतर असे. ही व्यवस्था चांगलीच होती. पण तापमापकाला फक्त ताप कळतो. ज्याला ताप परवा येणार आहे, तो त्याच्या समोरून हसत आत जातो. म्हणून तापमापकापेक्षा मुखपट्टी, अंतर आणि उघडी खिडकी यांचा भरवसा अधिक. पुढे फेब्रुवारी २०२१ पासून निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे चाचणीचे प्रमाणपत्र मागितले जाऊ लागले. त्या कागदाचा उपयोग होता, नाही असे नाही. तथापि चाचणी ज्या दिवशी केली त्या दिवसापुरतेच ती बोलते. खिशात प्रमाणपत्र आहे म्हणून मुखपट्टी खिशात ठेवणारे प्रवासी मी पाहिले आहेत. नाका माणसाला थांबवू शकतो. विषाणूला थांबविण्याचे काम ज्याने त्याने आपल्या नाकातोंडापाशी करावे लागते.

हे सारे मी आज शहाणपणाने सांगत आहे. परंतु त्याच वर्षीच्या श्रावणात मी स्वतः काय केले, तेही सांगितले पाहिजे.

ज्यांनी मला मराठी शिकविले ते गुरुजी निपाणीत राहतात. वय ऐंशीच्या घरात. घशात थोडी खवखव होती; पावसाळी हवा, असे मी मनाला समजाविले आणि बसने त्यांच्याकडे गेले. पाऊस तिरका येत होता म्हणून दार आणि खिडकी लावून घेतली होती. गुरुजींना ऐकू कमी येते, तेव्हा मुखपट्टी हनुवटीवर ओढून मी मोठ्याने बोलत राहिले. माजघरात आम्ही दोन तास बसलो. चहा झाला, जुन्या कवितांची उजळणी झाली. दुसऱ्या दिवशी रात्री मला ताप भरला. मनात पहिला विचार आला तो गुरुजींचा. आणि दुसरा विचार आला तो लाजेचा. ‘अजून खात्री कुठे आहे? उगीच म्हाताऱ्या माणसाला घाबरवायचे कशाला?’ अशी समजूत घालून मी एक दिवस गप्प राहिले. चाचणीचा निकाल हाती आल्यावर फोन केला. गुरुजी रागावले नाहीत. ते इतकेच म्हणाले, “अगं, कालच सांगितलं असतंस तर रात्री नातवाला कुशीत घेऊन झोपलो नसतो.”

गुरुजींना आठ दिवस रुग्णालयात प्राणवायूवर राहावे लागले. नातवाला नुसती सर्दी झाली, सूनबाईंना ताप आला. सगळे वाचले. पण गुरुजींचे सायंकाळचे फिरणे तेव्हापासून गल्लीच्या तोंडापर्यंतच राहिले. रोग माझ्याकडूनच गेला की अन्य कोठून आला, हे छातीठोकपणे कोणी सांगू शकणार नाही. विषाणूवर कोणाचे नाव लिहिलेले नसते. तो गप्प राहण्यात गेलेला दिवस मात्र माझ्याच नावावर आहे.

आता विचार करा, त्या माजघरात काय घडत होते? आपण बोलतो, खोकतो, गातो तेव्हा तोंडावाटे बारीक तुषार उडतात. त्यांतील जड थेंब हात-दोन हातांवर खाली पडतात. पण फार सूक्ष्म कण हवेत तरंगत राहतात आणि बंद खोलीत साचत जातात. निपाणीकरांना ही गोष्ट समजाविण्यास प्रयोगशाळेची गरज नाही. खोलीत कोणी विडी पेटविली की धूर काय करतो, ते आठवावे. शेजारी बसलेल्याच्या तोंडावर तो दाट येतो. दारे लावलेली असली तर थोड्या वेळाने कोपऱ्यातल्या माणसालाही त्याचा वास येतो. दारे उघडली की तो विरून जातो. आणि मोकळ्या मैदानात फारसा जाणवतही नाही. माणसाचा श्वासही असाच पसरतो, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही. ‘या माणसाने विडी ओढली असती तर मला वास आला असता काय?’ हा प्रश्न मनाशी विचारला की आपण किती जवळ आहोत आणि हवा किती कोंडलेली आहे, याचा अंदाज येतो.

यावरून उपाय आपोआप सुचतात. पहिला उपाय हवा खेळती ठेवण्याचा. बेळगावातील गल्ल्यांमधली जुनी घरे लांबट असतात. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. अशा घरात पुढचे दार आणि परड्याचे दार एकाच वेळी उघडे ठेवले तर वारा आरपार वाहतो. पंखा असला तर तो हवा बाहेर लोटील असा लावावा. भेटीगाठी शक्य तितक्या अंगणात, कट्ट्यावर घ्याव्यात. वडापमध्ये किंवा बसमध्ये पाऊस असला तरी खिडकी चार बोटे उघडी ठेवावी. विड्या वळावयास अनेक जणी एका खोलीत तासन्तास बसतात किंवा तंबाखूच्या वखारीत काम चालते, तेथे तर ही काळजी दुप्पट घेतली पाहिजे.

दुसरा उपाय मुखपट्टीचा. ती नाक, तोंड आणि हनुवटी तिन्ही झाकणारी असावी व कडांना फट राहू नये. साध्या कापडापेक्षा शस्त्रक्रियेच्या वेळी वापरतात ती बरी, आणि नीट बसणारी एन-९५ त्याहून बरी. बोलताना ती खाली ओढणे म्हणजे पाऊस सुरू होताच छत्री मिटण्यासारखे आहे. कारण बोलतानाच तिची खरी गरज असते. आपली मुखपट्टी आपल्याला सांभाळते, तशीच, आपण अजून रोगी ठरलो नसताना, दुसऱ्यालाही सांभाळते. ताप येण्याआधीच्या दोन दिवसांवर याहून सोपा तोडगा नाही.

तिसरा उपाय हातांच्या स्वच्छतेचा. इन्फ्लुएन्झा व कोविड या दोन्ही विषाणूंभोवती स्निग्ध पदार्थाचे पातळ कवच असते. तेलकट भांडे साबणाने जसे सुटते, तसेच हे कवच साबणाने फुटते आणि विषाणू निकामी होतो. मात्र त्याला वीस सेकंद तरी हात चोळावे लागतात. नुसते पाण्याखाली धरून भागत नाही. खोकताना रुमाल किंवा कोपर तोंडाशी धरावे, तळहात धरू नये.

चौथा उपाय सांगण्यास सोपा, करण्यास अवघड. अंगात कसर वाटली की घरी राहावे. आमच्या शाळांतून वर्षभर एकही दिवस न चुकलेल्या मुलाला बक्षीस देण्याची प्रथा आहे. मीही ती बक्षिसे वाटली आहेत. आता मला वाटते की, ताप असताना घरी राहिलेल्या मुलाचेही कधी कौतुक व्हावे. २००९ साली स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी घेतला तो पुण्यातील एका शाळकरी मुलीचा, ३ ऑगस्ट रोजी. शाळा हे रोगाचे घर होऊ शकते, हे शिक्षकाने कधीही विसरू नये. तथापि रोजंदारीवर जगणाऱ्याला घरी राहा म्हणणे पुरेसे नाही. त्या दिवसाची त्याची भाकरी मालकाने, शेजाऱ्यांनी, समाजाने सांभाळली तरच तो घरी राहू शकेल. खाडा म्हणजे उपास अशी स्थिती असेल, तर तो ताप लपवूनच कामावर येणार.

घरात कोणी आजारी पडलेच, तर त्याला शक्य तर वेगळी, खिडकीची खोली द्यावी. खोली एकच असेल तर त्याचे अंथरूण खिडकीपाशी टाकावे आणि इतरांनी वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला निजावे. शुश्रूषा एकाच धडधाकट माणसाने करावी. दोघांनीही मुखपट्टी बांधावी. आजीआजोबा आणि तान्ही मुले यांना दूर ठेवावे. रोग्याला भरपूर पाणी, पेज, सार द्यावे व विश्रांती घेऊ द्यावी. काढ्याने, गरम पाण्याने घशाला बरे वाटते, तेवढ्यापुरते ते अवश्य घ्यावे. पण त्याने विषाणू मरतो असे समजून गर्दीत जाऊ नये. वाफ घेताना गरम पाणी सांडून लहान मुले भाजतात, हे ध्यानात ठेवावे. जंतुनाशक प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. दुकानातून आपल्या मनाने ती घेऊ नयेत. स्टेरॉइडची गोळी तर डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून कदापि घेऊ नये.

आणि केव्हा थांबू नये, हेही माहीत असावे. दम लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, रोगी असंबद्ध बोलू लागणे किंवा गुंगीत जाणे, बोटाला लावण्याच्या यंत्रावर प्राणवायूचे प्रमाण ९४ टक्क्यांखाली जाणे, यांपैकी एकही चिन्ह दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

लस हा अखेरचा आणि बळकट आधार आहे. बेळगावकरांना हे निराळे सांगावे लागू नये. टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर आज मुले क्रिकेट खेळतात. त्या आवारात एके काळी देवीची लस तयार होत असे, आणि देवीचा रोग पृथ्वीवरून गेला तो लसीनेच. २०२० च्या जुलैत कोव्हॅक्सिन लसीच्या मानवी चाचण्यांसाठी देशातील जी बारा रुग्णालये निवडली गेली, त्यांतही बेळगावचे एक होते. परंतु नव्या रोगाची लस यावयास वेळ लागतो. तोवर जे वाचतील त्यांनाच ती टोचता येणार.

शेवटी एक विनंती. साथीच्या दिवसांत विषाणूइतक्याच वेगाने आणखी एक गोष्ट पसरते, ती म्हणजे रोग्याविषयीचा तिटकारा. २०२० साली मुंबई-पुण्याहून पोटापाण्यासाठी गेलेली आपलीच माणसे गावी परतली, तेव्हा काही वेशींवर त्यांना पाणीही कोणी दिले नाही. अशी वागणूक पाहिलेला माणूस पुढच्या वेळी आपला ताप लपवितो. लपविलेला ताप दहा घरे फिरतो. रोग्यापासून चार हात अंतर ठेवावे, पण त्याच्या दाराशी भाजी, दूध, औषध ठेवून यावे आणि दुरून हाक मारून विचारपूस करावी. तसे झाले म्हणजे माणूस पहिल्याच दिवशी निर्भयपणे सांगेल, ‘मला बरे वाटत नाही, तुम्ही जपा.’

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. नवा विषाणू पुन्हा केव्हा येईल, त्याचे नाव काय असेल, हे कोणी सांगू शकत नाही. परंतु तो येईल तेव्हा पहिल्या दिवसांत करावयाच्या गोष्टी याच असतील, आणि त्या वेळेवर केल्या तर ‘उगीचच एवढी धावपळ केली’ असे लोक नंतर म्हणतील. तसे म्हणावयास सारे जण उरले, याहून मोठे यश ते कोणते?

गुरुजींकडे मी आजही जाते. घशात खवखव असली तर जात नाही, फोन करते. गेल्यावर आधी खिडकी उघडते. पाऊस आत येतो, गुरुजींचे धोतर थोडे भिजते. ते म्हणतात, “असू दे, उघडीच असू दे.”